पावसात आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून टाकावी का? गोव्यातल्या जुन्या घराच्या वायरिंगविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळच्या गावात वडिलोपार्जित चिऱ्याचं, कौलारू घर आहे. वर्षातले बहुतेक दिवस ते बंद असतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि मे महिन्यात उघडतं. वायरिंग ऐंशीच्या दशकातलं. अलीकडे मीटरजवळ नवा डीबी (घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी) बसवला आणि त्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) घातली. उन्हाळ्यात काही त्रास नाही, पण पाऊस लागला की ती सारखी पडते, त्यातही दिवेलागणीच्या सुमारास जास्त. गावातल्या वायरमनने ‘जुन्या घरांत ही चालत नाही’ असं सांगून ती बायपास करून दिली, म्हणजे तिला वगळून वीज थेट जोडली. आता चवथीला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येणार, त्यात लहान मुलं. आणि शेवटी तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की न्हाणीतल्या नळाला हात लावला की वहिनींना झिणझिण्या येतात. घर आहे तसं चालवावं की सगळं वायरिंग उपसून नवं करावं, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण तुमच्या सगळ्या मजकुरात तेच सर्वांत गंभीर आहे. आज गावात जे कोणी असेल त्यांना फोन करून गीझरचा प्लग काढायला सांगा. नुसता स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढायचा. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, आणि शक्य असल्यास आधी मेन बंद करून. गीझर थेट तारांनी जोडलेला असेल तर त्याचा एमसीबी (प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की पडणारा डीबीतला स्विच) पाडून ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कोणी चुकून चढवणार नाही. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला झिणझिण्या येणं ही सुरुवात असते. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली वस्तू हाताने सोडवत नाही, आणि ३० च्या पुढे प्रवाह थोडा वेळ जरी छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. शंभर वॉटचा जुना बल्ब ४०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, यावरून हे आकडे किती लहान आहेत ते लक्षात येईल.

आता मूळ गोष्ट. आरसीसीबी पडते हा तुमचा त्रास आहे, पण बिघाड दुसरीकडे आहे. ती काढून टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिचं काम एवढंच असतं: फेजमधून जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत मोजते. फरक पडला तर तो प्रवाह कुठून तरी जमिनीत जातोय. भिंतीतून, पाण्यातून, गीझरच्या पत्र्यातून किंवा एखाद्या माणसातून. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेतरी पडते. १५ च्या आत ती पडता कामा नये आणि ३० ला पडलीच पाहिजे, असंच तिचं मानक आहे. म्हणजे ती रोज संध्याकाळी पडत होती तेव्हा तुमच्या घरातून रोज संध्याकाळी निदान १५ मिलिअँपिअर बाहेर पाझरत होते. बायपास केल्यावर ते पाझरणं थांबलेलं नाही. फक्त ते आता कोणाला कळत नाही.

एमसीबी आहेतच की, असं तुम्हाला वाटेल. बऱ्याच जणांना वाटतं, आणि हा समज फार महागात पडतो. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. एक हिशेब करून दाखवतो. समजा गीझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला. अर्थिंगची तार आहे, पण ती जिथे जमिनीत जाते त्या खड्ड्याचा रोध २० ओहम. प्रवाह किती जाईल? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गीझरवर १६ किंवा २० चा एमसीबी आहे. त्याच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड, तो पडणारच नाही. टाकी तशीच जिवंत राहील, आणि अर्थची तार घरभर एकच असल्यामुळे फ्रिजचा दरवाजा, वॉशिंग मशीन, पंपाची बॉडी, सगळीकडे तोच व्होल्टेज पोचेल. अर्थिंग केलंय म्हणून निर्धास्त असलेल्या घरात हे होऊ शकतं. त्याच घरात चालती आरसीसीबी असेल तर ती क्षणात पडते. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरला तिला फार तर ३०० मिलिसेकंद मिळतात, आणि गळती याहून मोठी असली तर ती आणखी लवकर पडते. म्हणून आपल्याकडच्या घरांत आरसीसीबी आणि अर्थिंग ही जोडी लागते. एकाच्या भरवशावर दुसरं सोडता येत नाही.

वायरमनला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. पावसात, घरात पाहुणे असताना, अंधारात बसलेल्या माणसांना लाइट हवी असते आणि तो तेवढं करून देतो. पण त्याने बायपासबरोबर आणखी एक गोष्ट केलीय का ते बघून घ्या. आरसीसीबी पडू नये म्हणून काही जण गीझर किंवा पंपाची हिरवी अर्थ तारच सोडवून टेपने गुंडाळून ठेवतात. मग गळतीला वाटच राहत नाही आणि आरसीसीबी गप्प बसते. त्या पत्र्याला हात लावणारा पहिला माणूस वाट करून देतो. दुसरा प्रकार म्हणजे अर्थ नसलेल्या जुन्या बोर्डात सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणं. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं, पण त्या न्यूट्रलचा एखादा जॉइंट सुटला की उपकरणाचा पत्रा थेट २३० व्होल्टवर जातो. तुमच्या वहिनींचा अनुभव बघता मी प्रत्येक तीन पिनी सॉकेट उघडून घेईन. ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा, ती पडत नाही, असाही सल्ला तुम्हाला कोणी देईल. त्या आगीपासून बचावासाठी मुख्य लायनीवर ठीक असतात, पण माणसाच्या जिवासाठी ३० च लागते.

मग पाझरतंय कुठून? हे घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. वायरिंग कोणत्या जातीचं आहे, कौलं कुठे गळतात, विहिरीवर पंप कसा बसवलाय, इन्व्हर्टर आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तरी गोव्यातल्या अशा घरांत मी कुठल्या क्रमाने शोधतो ते सांगतो.

पहिला संशय विहिरीवरच्या पंपाचा. सबमर्सिबल असेल तर पाण्याखालचा केबल-जॉइंट, वरचा मोनोब्लॉक असेल तर त्याची टर्मिनल पेटी आणि पडवीपासून विहिरीपर्यंत गेलेली केबल. ही केबल बहुधा माडांच्या आळ्यांतून, पातेऱ्याखालून गेलेली असते, आणि कुदळीचा एखादा घाव तिला कधीतरी बसलेला असतो. दुसरा संशय बाहेरच्या दिव्यांचा: फाटकावरचा, वृंदावनाजवळचा, जुन्या गोठ्याकडे गेलेली लाइन. ‘संध्याकाळी पडते’ याचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं, कारण अंगणातला दिवा तेव्हाच लागतो. होल्डरमध्ये पाणी, आत मुंग्यांनी केलेलं मातीचं घर, आणि दिवा लावताच गळती सुरू.

तिसरा गीझर. बंद घरात याची एक वेगळीच तऱ्हा असते. कॉइलच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. तोंडाचं सील जुनं झालं की ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते. वर्षभर न वापरलेला गीझर चवथीच्या आदल्या दिवशी चालू केला की आरसीसीबी लगेच पडते, आणि लोक म्हणतात, मागच्या वेळी तर चांगला होता. काही वेळा कॉइल काढून नीट सुकवली की मेगरचं (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग सुधारतं. पण ज्या गीझरमुळे नळाला झिणझिण्या येतात त्याच्यावर हा प्रयोग करू नये. त्याची कॉइल बदला, आणि टाकी आतून गंजलेली असेल तर गीझरच बदला.

चौथी जागा कौलांखालची. इथे जरा थांबतो, कारण जुन्या घरांत खरी गडबड इथेच सापडते आणि इथे कोणी चढत नाही. वाशांच्या कडेने गेलेलं केसिंग-कॅपिंग (वायरी झाकणाऱ्या पट्ट्या) उघडलं की आत काय दिसतं? जॉइंटवर गुंडाळलेली काळी टेप, जिचा डिंक उन्हाळ्यात वितळून खाली ओघळलाय आणि टेप सैल पडलीय. खाली तांबं हिरवं झालेलं. कॅपिंगच्या आतून वाळवीने मातीची नळी चढवलेली, ती थेट जॉइंटवरून गेलेली. मे महिन्यात ती माती कोरडी ठणठणीत असते, काही होत नाही. जुलैत ती ओली झाली की जॉइंटपासून भिंतीपर्यंत विजेला आयता रस्ता मिळतो. जवळच उंदराने किंवा खारीने कुरतडलेली वायर, तिचं तांबं उघडं. पावसात पडणारी आणि उन्हाळ्यात न पडणारी आरसीसीबी बऱ्याचदा याच्याचकडे बोट दाखवत असते. चिऱ्याची भिंतही पाणी ओढते. त्यात खोदून बसवलेले लोखंडी बोर्ड-बॉक्स गंजतात आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला पावसाळाभर ओल धरून राहते. समुद्रापासून जवळ असाल तर खारी हवा या सगळ्यात भर घालते. फोंड्याकडे हा त्रास किनाऱ्यापेक्षा कमी.

दिवेलागणीचं आणखी एक कारण आहे, आणि ते अनेक वायरमनना उमगत नाही. आपल्या एकेरी एमसीबीने फक्त फेज तुटतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. संध्याकाळी सगळ्या वाड्याचा लोड वाढला की खांबावरच्या न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत काही व्होल्ट चढतात. तुमच्या घरात न्यूट्रलची तार कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला चिकटली असेल, तर त्या काही व्होल्टवरही पुरेसा प्रवाह जमिनीत जातो आणि आरसीसीबी पडते, तेही सगळे एमसीबी बंद असताना. अशा वेळी वायरमन म्हणतो, ‘सगळं बंद केलं तरी पडते, म्हणजे आरसीसीबीच खराब आहे.’ ती खराब असूही शकते, पण त्याआधी न्यूट्रल तपासायला हवा.

शोधायचं कसं? घरच्या माणसाला एवढं करता येतं: आधी जाणकाराकडून आरसीसीबी परत जागेवर जोडून घ्या, डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मग सगळे प्लग सॉकेटमधून काढा, सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा. ती चढलेली राहिली तर एकेक एमसीबी चढवत जा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याला पडली तो संशयित. सगळं बंद असतानाच पडली तर वर सांगितलेला न्यूट्रलचा मामला समजा, आणि तिथून पुढचं काम वायरमनचं.

त्याच्याकडे मेगर असला पाहिजे, ५०० व्होल्टचा. टेस्टर आणि टेस्ट-लॅम्पने हे काम होत नाही. टेस्टरचा निऑन नगण्य प्रवाहावरही पेटतो आणि न्यूट्रलविषयी तो काहीच सांगत नाही. मेन बंद करून, कट-आउट (मीटरजवळचा फ्यूज) काढून, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल लिंकमधून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून) सोडवायचा आणि फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ अशी दोन्ही मोजमापं प्रत्येक सर्किटची वेगळी घ्यायची. टीव्ही, राउटर, फ्रिज, इन्व्हर्टर आधी सुटे करायचे, नाहीतर ५०० व्होल्टने त्यांचं नुकसान होईल. चांगल्या वायरिंगला दहा-वीस मेगओहमपासून शेकडोपर्यंत आकडा येतो. एक मेगओहमच्या खाली आला तर ते सर्किट मी चालू ठेवत नाही. आरसीसीबी पाडायला रोध साधारण १५ हजार ओहमपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे खरा गुन्हेगार मेगरवर जवळपास शून्य दाखवतो, लपत नाही. एक अट मात्र पाळा. ही तपासणी दोन-तीन दिवस लागोपाठ पाऊस झाल्यावर करा. उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं आणि मग मोजलं, तर सगळे आकडे छान येतील आणि पुढच्या सरीला आरसीसीबी पुन्हा पडेल.

असंही होऊ शकतं की एकही मोठा गुन्हेगार सापडणार नाही, सगळीकडून थोडं थोडं पाझरत असेल. जुन्या वायरिंगची दोन-तीन मिलिअँपिअर, फ्रिजची थोडी, वॉशिंग मशीन आणि एलईडीच्या ड्रायव्हरांची थोडी. सगळं मिळून १५ च्या आसपास पोचलं की कशानेही आरसीसीबी पडते. अशा घरात मी एकच आरसीसीबी ठेवत नाही. पंप आणि बाहेरचे दिवे एकीवर, न्हाणी आणि स्वयंपाकघर दुसरीवर, खोल्या तिसरीवर. जमल्यास प्रत्येक महत्त्वाच्या सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. खर्च वाढतो हे खरं. पण अंगणातल्या दिव्यात पाणी गेलं म्हणून आरतीच्या वेळी अख्खं घर अंधारात जाणार नाही, आणि म्हणूनच ‘काढून टाक ती’ असं कोणी म्हणणार नाही. वॉशिंग मशीन किंवा इन्व्हर्टर एसी असलेल्या लायनीवर टाइप ए ची घ्या. साध्या टाइप एसीला अशा उपकरणांची गळती नेहमी नीट ओळखता येत नाही. इथल्या ‘एसी’चा वातानुकूलन यंत्राशी संबंध नाही, दुकानात यावरून गोंधळ होतो.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गोष्ट नीट ऐका. आरसीसीबी पडली की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून वीज द्यायला लागतो. म्हणजे बिघाड इन्व्हर्टरच्या लायनीवर असेल तर ज्या तारेची वीज तुटायला हवी होती तिच्यात ती पुन्हा खेळू लागते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळी आरसीसीबी लागते, आणि बॅटरीवर चालताना त्याचा न्यूट्रल कसा राहतो हे बसवणाऱ्याकडून तपासून घ्यावं लागतं, नाहीतर ती आरसीसीबी नावापुरतीच. फेज एका आरसीसीबीनंतरचा आणि न्यूट्रल दुसरीकडचा अशी सरमिसळ इन्व्हर्टर बसवताना फार होते. तशी असेल तर आरसीसीबी पाऊस असो नसो पडतच राहते.

अर्थिंगकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक गावांत खांबावरून घरात फेज आणि न्यूट्रल येतात. अर्थ आपला आपण करायचा. जुन्या घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली सापडते. ती कधीकाळी चालतही असेल, कारण पाइप जमिनीतून दूरवर गेलेला असायचा. आता बाहेरची लाइन प्लास्टिकची झाली, घरातला तुकडा तेवढा लोखंडी राहिला. म्हणजे अर्थ गेलाच, शिवाय एखाद्या उपकरणाचा बिघाड थेट नळापर्यंत पोचतो. तुमच्या न्हाणीतल्या झिणझिण्यांचं हेही कारण असू शकतं. गीझर धडधाकट असेल आणि गळती पंपाची असेल. गीझर बंद केल्यावरही नळाला झिणझिण्या येत असतील तर मेन बंद करा आणि ही जोडणी शोधा.

नवा खड्डा मारताना जागा नीट निवडा. चिरेखणीच्या जमिनीत पावसात ठीक वाटतं, उन्हाळ्यात ती दगडासारखी कोरडी होते आणि रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून माडाच्या आळ्याजवळ किंवा न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला, जिथे बारमाही ओल असते, तिथे घ्या. अडीच ते तीन मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घाला. खाली कातळ लागला तर दोन इलेक्ट्रोड घ्या, त्यांच्यात लांबीच्या दुप्पट तरी अंतर ठेवा आणि एकत्र जोडा. मीठ-कोळसा भरायची जुनी पद्धत मला आपल्या पावसात पटत नाही. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि राहिलेलं पाइपाला खातं. बेंटोनाइटवर आधारलेली पूड मिळते, ती भरा. आकडा ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. चिऱ्याच्या जमिनीत १० पर्यंत आला तरी आरसीसीबी चालती असेल तर मी तो स्वीकारतो. मोजमाप मात्र मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये घेतलेला चांगला आकडा काहीच सिद्ध करत नाही. तुम्ही मे महिन्यात येताच, तर हे काम तेव्हाचं ठरवून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न: सगळं वायरिंग बदलायचं का? हे वायरींच्या जातीवर ठरेल. बोर्डामागची एक वायर हलकेच वाकवून बघायला सांगा. आवरण रबराचं, वर कापडाची वीण असेल आणि वाकवताच तडे जात असतील, तर वाट बघू नका. ॲल्युमिनियमची असेल तरीही बदला. तिचे जॉइंट काळाने सैल होतात आणि तापतात. पीव्हीसीची तांब्याची वायर असेल, सावलीत राहिली असेल आणि मेगरचे आकडे चांगले असतील, तर ती केवळ जुनी म्हणून मी काढत नाही. तेवढ्या पैशांत न्हाणी, स्वयंपाकघर, पंप आणि बाहेरचे दिवे ही चार सर्किटं नवी करून घेईन: गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटर, सॉकेटना २.५, दिव्यांना १.५, आणि प्रत्येकात अर्थची तार. अशा घरात चिऱ्याची भिंत खोदून पाइप लपवण्यापेक्षा भिंतीवरून पीव्हीसी पाइप नेणं मला जास्त बरं वाटतं. घराची शोभा थोडी कमी होते, हे मान्य. पण पाइप कोरडा राहतो, वाळवी चढली तर दिसते, आणि दहा वर्षांनी वायर बदलायची झाली तर जुन्या गिलाव्याला हात लावावा लागत नाही.

चवथीपर्यंत वेळ थोडा आहे, म्हणून त्यापुरतं वेगळं सांगतो. गीझरची कॉइल, आरसीसीबी परत जागेवर, पंपाची आणि बाहेरच्या दिव्यांची तपासणी एवढं आधी होऊ दे. जे सर्किट मेगरवर नापास होईल ते सरळ बंद ठेवा. चार दिवस अंगणात चार्जिंगचा दिवा चालतो. डीबीतले सगळे स्क्रू, विशेषतः न्यूट्रल लिंकचे, एकदा मेन बंद करून वायरमनकडून आवळून घ्या. लोड वाढला की सैल स्क्रू तापतो, आणि पंचवीस माणसांचा स्वयंपाक चालू असताना नेमकं तेच होतं. दोन किलोवॉटचा इंडक्शन जवळपास नऊ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला ॲडॅप्टर लावून चालवू नका. एक्स्टेंशन बोर्डाची वायर गुंडाळी करून ठेवू नका, पूर्ण उलगडा. प्लगची पिन तपकिरी झाली असेल किंवा माशासारखा वास येत असेल तर ते सॉकेट लगेच बंद.

माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीला) माळा लावणार असाल तर ॲडॅप्टरवर चालणाऱ्या, कमी व्होल्टेजच्या एलईडीच्या घ्या आणि ॲडॅप्टर भिंतीजवळ, उंच कोरड्या जागी ठेवा. माटोळीची फळं, पानं ओली असतात, लाकडी चौकटीत खिळे असतात, आणि खाली समईजवळ ओल्या सोवळ्यात कोणीतरी उभं असतं. थेट २३० व्होल्टवर चालणारी, बारीक वायरीची माळ त्या चौकटीवरून फिरवू नका. रात्री निजताना तिचा प्लग काढा.

वादळात घरातले दिवे अचानक लखलखीत झाले किंवा फार मंद पडले, तर एक क्षणही न थांबता मेन बंद करा. खांबावरचा न्यूट्रल तुटल्याची ती खूण असू शकते, माडाची झावळी तारांवर पडली की होतं असं. तेव्हा २३० च्या जागी घरात चारशेच्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. १९१२ वर कळवा आणि त्यांचा माणूस येऊन जाईपर्यंत मेन चढवू नका. डीबीत ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्टेज फार वाढला की वीज तोडणारा) आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा क्षणिक झटका जमिनीत उतरवणारा) बसवून घेतलेले चांगले, पण सर्ज प्रोटेक्टरला चांगला अर्थ लागतो, म्हणून तो खड्ड्याच्या कामानंतर. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात मात्र प्लग काढणं हाच खात्रीचा उपाय.

आणि कोणाला शॉक बसलाच तर आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला करा, हाताने नाही. श्वास चालू नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. घरातल्या दोघा-तिघांना मेन कुठे आहे ते दाखवून ठेवा. पाहुण्यांनी भरलेल्या घरात हे कोणालाच ठाऊक नसतं.

परत जाताना मेन बंद करून जा. कॅमेऱ्यासाठी किंवा पंपाच्या टायमरसाठी वीज लागत असेल तर त्यासाठी स्वतःच्या आरसीबीओची एकच वेगळी लाइन ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या तारा सोडवून ठेवा. गावी कोणी राहतं त्यांना महिन्यातून एकदा त्या चालू आरसीबीओचं टेस्ट बटण दाबायला सांगा. बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं. अर्थ चांगला आहे की नाही हे त्या बटणाने कळत नाही.

वायरमन बोलावताना परवानाधारक ठेकेदाराकडचा बोलवा आणि फोनवरच विचारा: मेगर आणि अर्थ टेस्टर आहे का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. तपासणी झाली की प्रत्येक सर्किटचे फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ हे दोन्ही आकडे, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, आणि बोर्डामागच्या वायरीचा एक फोटो इथे टाका. त्यावरून कुठलं सर्किट चवथीआधी करायचं आणि कुठलं मेपर्यंत थांबेल ते सांगतो.